अडखळतो म्हणून खोटा? दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्याचा जबाब कसा ऐकावा

“वो आई थी, ताला खोली, फिर चली गई।”

बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल विभागात होते, तेव्हा रात्रपाळीच्या एका कंत्राटी कामगाराने माझ्यासमोर हा जबाब दिला. स्टोअरमधून तांब्याच्या तारेची दोन बंडलं गेली होती. पोरगा छत्तीसगडचा, डोंगरगडकडचा. हिंदीत बोलत होता, थांबत थांबत, नजर टेबलावर. मी लिहून घेतलं की एक बाई आली आणि तिने कुलूप उघडलं. रात्रपाळीत त्या भागात एकही बाई कामाला नसायची. चार दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सुपरवाइजर आया था।” मी कागदावर शेरा मारला: ‘जबाब बदलला. विश्वासार्ह नाही.’ ठेकेदाराने त्याला कामावरून काढलं.

तीन महिन्यांनी माल सापडला. तो सुपरवायझरनेच हलवला होता. त्यानंतर आमच्या कँटीनमध्ये पोळ्या करणाऱ्या राजनांदगावच्या बाईंशी बोलताना मला कळलं, की छत्तीसगढीत क्रियापद बाई-माणसाप्रमाणे बदलत नाही. बाई आली तरी ‘आइस’, बुवा आला तरी ‘आइस’. हिंदीत बोलताना ‘आया’ म्हणायचं की ‘आई’, हे त्या पोराला दर वेळी अंदाजाने ठरवावं लागत होतं. दोन्ही वेळा तो एकच गोष्ट सांगत होता.

त्या शेऱ्यानंतर मी जबाब ऐकण्याची पद्धत बदलली. ती इथे पायरीपायरीने मांडते. सोसायटीच्या सेक्रेटरीपासून होस्टेलच्या वॉर्डनपर्यंत आणि इतवारीतल्या गोदामवाल्यापासून मेडिकलच्या ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरपर्यंत, नागपुरात ज्यांना रोज कोणाचं तरी म्हणणं खरं की खोटं ते ठरवावं लागतं, त्या सगळ्यांना ती वापरता येईल.

आधी आपला कान तपासा

समोरचा खोटं बोलतोय हे चेहऱ्यावरून, आवाजावरून आपल्याला कळतं, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. तसं कळत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली अशा शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र केले. त्यांत चोवीस हजारांहून जास्त लोकांनी खरं-खोटं ओळखलं होतं, आणि सरासरी अचूकता निघाली ५४ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तर ५० आली असती.

त्याच वर्षी ५८ देशांतल्या लोकांना विचारलेल्या एका पाहणीचा निकाल आला. खोटारडा कसा ओळखता, यावर सगळ्यांत जास्त मिळालेलं उत्तर होतं: तो नजर चुकवतो. प्रत्यक्षात नजर आणि खोटेपणा यांचा भरवशाचा संबंध अभ्यासांत सापडत नाही. गावाकडचा पोरगा साहेबासमोर खाली बघतो तो मान देण्यासाठी, हे तर आपण लहानपणापासून बघत आलो.

आता यात दुसरी भाषा मिसळा. उत्तराआधीचा विराम, तोकडं उत्तर, तेच शब्द पुन्हा पुन्हा, अर्ध्यात सोडलेलं वाक्य, सपाट आवाज. आपण ज्यांना खोटेपणाच्या खुणा समजतो, त्या सगळ्या शब्द शोधणाऱ्या माणसाच्याही खुणा आहेत. २०१३ साली कॅनडात केलेल्या एका अभ्यासात नेमकं हेच दिसलं. मातृभाषेत बोलणाऱ्यांवर बघणाऱ्यांचा कल विश्वास ठेवण्याकडे होता, दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्यांच्या बाबतीत तो अविश्वासाकडे झुकला. त्याआधी २०१० साली शिकागो विद्यापीठात शिरी लेव्ह-आरी आणि बोअझ कायसार यांनी लोकांना साधी माहितीपर वाक्यं ऐकवली, उदाहरणार्थ जिराफ उंटापेक्षा जास्त काळ पाण्याविना राहू शकतो. बोलणारा फक्त दिलेलं वाक्य वाचतोय हे ऐकणाऱ्यांना माहीत होतं. तरी परका हेल असला की तेच वाक्य त्यांना कमी खरं वाटलं. कानाला पडलेले कष्ट माणसाच्या खात्यावर मांडले जातात.

याचा अनुभव आपल्यालाही आहे. पुण्याच्या ऑफिसात “मी काम करून राहिलो” म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते नागपूरच्या किती पोरांनी झेललं आहे! आपलं काम चोख असतं, फक्त आपली मराठी त्यांच्या कानाची नसते. बुटीबोरीत, एमआयडीसीत, कळमन्याच्या बाजारात बालाघाटच्या नाहीतर बस्तरच्या माणसापुढे आपण त्या पुण्याच्या खुर्चीत बसलेले असतो.

‘हिंदी तर सगळ्यांना येते’ हे सोडा

नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं. त्यामुळे इथे हिंदी परकी वाटतच नाही. रिक्षात हिंदी, भाजीबाजारात हिंदी, दोन मराठी माणसं ओळख पटेपर्यंत एकमेकांशीही हिंदीच. म्हणून समोरचा कुठलाही असो, आपण हिंदीत सुरू होतो आणि तो ‘हां’ म्हणाला की त्याला हिंदी येते असं धरून चालतो.

भाजी घेण्यापुरती हिंदी येणं वेगळं आणि आपल्यावरच्या आरोपाला उत्तर देण्याइतकी येणं वेगळं. शिवाय आपली स्वतःची हिंदीही दुसरी भाषाच आहे. माझ्या एका सहकाऱ्याने कामगाराला बजावलं होतं, “सच नहीं बोला तो शिक्षा होगी।” मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. तो माणूस गोंधळून हसला, आणि सहकाऱ्याने त्याला उर्मट ठरवलं. अशा खोलीत दोघंही परक्या भाषेत असतात, फक्त पेन एकाच्याच हातात असतं.

म्हणून पहिला प्रश्न घटनेचा नको, भाषेचा हवा: “घरी कोणती भाषा बोलता? कोणत्या भाषेत सांगायला सोपं जाईल?” उत्तर कागदाच्या पहिल्या ओळीत लिहा. ‘कोई भी चलेगा साब’ असं उत्तर आलं तर ते भिडेपोटी आलंय असं समजा आणि पुन्हा विचारा.

मग पाच मिनिटं साध्या गप्पा मारा. गावाहून नागपूरला कसे येता, गाडी कुठे बदलावी लागते, खोलीवर कोण कोण राहतं, स्वयंपाक कोण करतं. या गप्पांत माणसाचं नेहमीचं बोलणं कळतं. डोंगरगडहून आलेली गाडी कोणत्या फलाटावर लागली हे सांगतानाही तो चार वेळा थांबत असेल, तर चोरीबद्दल सांगताना चार वेळा थांबण्यात काहीच विशेष नाही. हे माप हाताशी नसताना त्याच्या विरामांवर मत बनवू नका.

दुभाषा कोण असावा

शक्य असेल तर दुभाषा घ्याच. पण ठेकेदार किंवा मुकादम नको, त्याचं हित गुंतलेलं असतं. नवऱ्याने बायकोसाठी बोलायचं नाही. बारा वर्षांच्या पोरीला आईचं दुखणं डॉक्टरला सांगायला लावू नका, काही गोष्टी आई पोरीच्या तोंडून सांगणारच नाही. दुसऱ्या विभागातला, त्याच भाषेचा, त्या प्रकरणाशी संबंध नसलेला माणूस उत्तम.

दुभाष्याला आधीच सांगा: सारांश नको, जसं बोलला तसं सांग, ‘मी’ म्हणाला तर ‘मी’च म्हण. तुम्ही मात्र दुभाष्याकडे बघून ‘त्याला विचार’ असं म्हणू नका. थेट माणसाकडे बघून बोला, एका वेळी एक वाक्य. माणूस दोन मिनिटं बोलला आणि दुभाषा चारच शब्दांत “नाही म्हणतोय” म्हणाला, तर तिथेच थांबा आणि सगळं पुन्हा सांगायला लावा. मोबाईलवरचं भाषांतर पत्ता विचारायला ठीक, कोणाच्या नोकरीचा निर्णय त्यावर घेऊ नये.

प्रश्न कसे विचारायचे

आधी त्याला सलग सांगू द्या. “त्या रात्री पाळीवर आल्यापासून काय काय झालं, सांगा.” मध्ये तोडू नका, शब्द पुरवू नका. शब्द पुरवला की तो आपला शब्द उचलतो, कारण शोधण्यापेक्षा उचलणं सोपं. मग कागदावर त्याच्या नावाने आपलीच गोष्ट उतरते.

नकारार्थी प्रश्न पूर्ण टाळा. “तुमने चाबी नहीं ली?” याला “हां” असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ ‘हो, नाही घेतली’ असाही होतो आणि ‘हो, घेतली’ असाही. मी अशा एका ‘हां’वर कबुली लिहिलेला कागद पाहिला आहे. “चाबी किसने ली?” असं सरळ विचारा.

‘हां हां’ आणि मान डोलावणं याचा अर्थ बहुतेक वेळा ‘ऐकतोय’ एवढाच असतो. “समझा क्या?” या प्रश्नाला नाही म्हणणारा कामगार मी क्वचितच पाहिला. त्याऐवजी “मैंने क्या पूछा, आप बताओ” असं म्हणा. परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये म्हणून मी आधी सांगते, “माझी हिंदी कच्ची आहे, मी नीट विचारलं का ते बघायचंय.” ते खरंही आहे.

चौकशीच्या प्रशिक्षणात शिकवलेली एक युक्ती इथे वापरू नका. घटना उलट्या क्रमाने सांगायला लावणे, प्रश्नांचा मारा करणे, म्हणजे डोक्यावरचा ताण वाढून खोटं बोलणारा चुकेल, अशी ती कल्पना. दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्याच्या डोक्यावर तो ताण आधीच असतो. त्यात भर घातली की खरं बोलणाराही चुकतो. त्यापेक्षा कागद-पेन्सिल द्या आणि स्टोअर कुठे, दार कुठे, तुम्ही कुठे उभे होता, ते काढायला सांगा. चित्राला लिंग-वचन लागत नाही.

जबाब बदलला असं वाटलं तर आधी हे बघा

सगळ्यांत जास्त अन्याय इथे होतो, म्हणून जरा थांबून बघू.

स्त्री-पुरुष. छत्तीसगढीचं वर सांगितलं. बंगालीतही क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही आणि ‘तो’ व ‘ती’ला सर्वनामही एकच. तेलुगू आणि गोंडीत एकवचनी पुरुषाला वेगळं रूप, आणि बाईला व निर्जीव वस्तूला मिळून दुसरं. या भाषांतून हिंदी-मराठीत येणारा माणूस ‘आला-आली-आलं’ यात चुकणारच. म्हणून ‘वो’ आणि ‘तो’वर कधीच थांबू नका. नाव विचारा, नाव माहीत नसेल तर काम विचारा, कपडे विचारा.

एक की अनेक. उत्तर प्रदेश-बिहारकडचा माणूस ‘हम’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला ‘मी’ म्हणायचं असतं. “हम गेट पर थे।” अजून कोण होतं? “कोई नहीं।” आपण लिहितो, ‘आधी साथीदार असल्याचं सांगितलं, नंतर नाकारलं.’ त्याने दोन्ही वेळा तेच सांगितलेलं असतं. मराठीतला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा भेदही हिंदीत नाही. हिंदीभाषक मराठीत “आपण ठरवलं होतं” म्हणाला, तर त्यात तुम्हाला धरलंय का, हे विचारून घ्या.

नाती. “मेरा भाई लाया था” आणि नंतर कळतं की सख्खा भाऊ नाहीच. चुलत, मावस, गावचा, सगळे भाऊच. आपल्याकडेही तसंच आहे, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते आपल्याला खोटं वाटतं.

वेळ. पावणेचार आणि सव्वाचार यांत अर्ध्या तासाचा फरक आहे, आणि चोरीच्या प्रकरणात अर्धा तास म्हणजे सगळंच. तेलुगू घरातून आलेल्याला पाऊण-सव्वा-दीड-अडीच ही आपली मांडणी चटकन येत नाही, इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्या पोरांनाही येत नाही. घड्याळ काढून काटे दाखवायला सांगा, किंवा ‘चहा येण्याआधी की नंतर’ असं विचारा. ‘कल’चंही तसंच. हिंदीत काल आणि उद्या दोन्ही ‘कल’, म्हणून हिंदी माणूस मराठीत “काल येतो” असं म्हणून जातो. वार आणि तारीख विचारली की प्रश्न मिटतो.

ऐकलेलं आणि पाहिलेलं. मराठीत ‘म्हणे’ या एका शब्दाने आपण हात झटकतो. “तो आला होता म्हणे” याचा अर्थ मी पाहिलं नाही, कोणीतरी सांगितलं. मराठी शिकलेल्या परभाषकाच्या बोलण्यात हा ‘म्हणे’ फार उशिरा येतो. तो “तो आला होता” एवढंच म्हणतो, आपण त्याला प्रत्यक्ष साक्षीदार धरतो, आणि पुढे “मी कुठे पाहिलं?” म्हणाला की त्याला पलटला म्हणतो. प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यानंतर विचारा: डोळ्यांनी पाहिलं की कोणी सांगितलं? कोणी?

सारखे दिसणारे शब्द. बंगाली माणूस “बहुत चेष्टा किया” म्हणतो तेव्हा त्याने खूप प्रयत्न केलेले असतात. मराठी कानाला त्याने थट्टा केली असं ऐकू येतं.

आणि भावना. पोर गेल्याचं सांगताना बाईचा आवाज कोरडा राहिला म्हणून तिच्यावर संशय घेतलेला मी ऐकला आहे. दुसऱ्या भाषेत शब्दांची धार बोथट होते. २००३ साली तुर्की-इंग्रजी बोलणाऱ्या लोकांवर केलेल्या प्रयोगात त्वचेवरच्या सूक्ष्म घामावरून हे मोजलंही आहे: लहानपणी ऐकलेली रागावणी मातृभाषेत ऐकली की शरीर जास्त जोरात प्रतिसाद देतं, इंग्रजीत कमी. त्या बाईला तिच्या गोंडीत बोलू द्या, मग आवाज ऐका. आणि तेव्हाही आवाजावरून निकाल देऊ नका.

मग तपासायचं काय?

सांगण्याची पद्धत बाजूला ठेवली की सांगितलेली गोष्ट उरते, आणि ती तपासता येते. गेटवरचं रजिस्टर, हजेरीचं मशीन, आउटवर्डची नोंद, कॅमेरा, यूपीआयचा संदेश, कॉलची वेळ, एसटीचं तिकीट. माणसाला विचारा: “तुम्ही म्हणता ते कोणाला माहीत असेल? कशात दिसेल?” खरं बोलणारा बहुतेक वेळा तपासता येईल असं काहीतरी देतो, मोडक्या भाषेत का होईना. त्या डोंगरगडच्या पोराने सांगितलं होतं की ताला खोललं तेव्हा कुत्रं भुंकलं आणि वॉचमन टॉर्च घेऊन आला. मी वॉचमनला विचारलंच नाही. ‘बाई’ ऐकल्यावर मला पुढचं ऐकायची गरज वाटली नव्हती.

भाषेचा आडोसा घेणारेही असतात

अडचणीचा प्रश्न आला की “समझ में नहीं आया” म्हणणारे असतात, हे मी नाकारत नाही. पण अडचणीचे प्रश्न आपण लांबलचकही विचारतो, जर-तर घालून. म्हणून तोच प्रश्न सहा-सात शब्दांत, त्याच्या भाषेत, दुभाष्यामार्फत पुन्हा विचारा. पगाराचा हिशेब, ओव्हरटाइमचे तास अशा तितक्याच कठीण गोष्टी त्याला सहज कळत असतील आणि फक्त चावीचा प्रश्न त्याच्याच मातृभाषेत तीनदा विचारूनही कळत नसेल, तर ते नोंदवा. तेव्हाही ‘उत्तर दिलं नाही’ असं लिहा, ‘खोटं बोलला’ असं नको.

उलट बाजूही सांभाळा. सफाईदार बोलणाऱ्याला आपण फुकट गुण देतो. माझ्या प्रकरणातला सुपरवायझर शुद्ध मराठीत, न अडखळता बोलला होता, आणि मी त्याच्या जबाबातली एकही वेळ रजिस्टरशी ताडून पाहिली नव्हती. आता नियम केला आहे: अडखळणाऱ्याचे जितके मुद्दे तपासायचे, तितकेच सफाईदार बोलणाऱ्याचे.

लिहून घेणं आणि वाचून दाखवणं

जबाब त्याच्याच शब्दांत लिहा. हिंदीत बोलला तर हिंदीत, चुकांसकट. ‘आई थी’ म्हणाला तर ‘आई थी’ लिहा आणि पुढे कंसात ‘विचारल्यावर: पुरुष, सुपरवायझर’ असं लिहा. मराठी वाचता न येणाऱ्या माणसाची मराठी मजकुराखाली सही किंवा अंगठा घेणं बंद करा. न्यायालयातही आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगावी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आपल्या कारखान्यातल्या नाहीतर सोसायटीतल्या चौकशीला हे कलम लागू नसेल, पण तेवढी रीत पाळायला कोणी अडवलेलं नाही.

शेवटी सगळं मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांबा. या वेळी केलेली दुरुस्ती म्हणजे जबाब फिरवणं नव्हे. वाचन त्यासाठीच असतं. दुरुस्ती वेगळ्या शाईने करा, दोघांची सही, तारीख. मशीनने खरं-खोटं काढू असं कोणी सुचवलं तर त्याला २०१० चा सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगा: संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग कोणावर लादता येत नाही.

निकाल चुकला असेल तर

मूळ कागद फाडू नका, त्यावरच दुरुस्ती करा. मी माझ्या शेऱ्यावर लाल रेघ मारली, बाजूला कारण लिहिलं, सही केली आणि वरिष्ठांची सही घेतली. मग त्या पोराचा नंबर शोधला. तो रायपूरला दुसऱ्या कामावर लागला होता. कँटीनच्या बाई फोनवर छत्तीसगढीत त्याच्याशी बोलल्या, मी बाजूला उभी होते. परत ये, असं आम्ही सांगितलं. तो आला नाही. त्याने एवढंच विचारलं, की चोरी त्याने केली नाही असं लिहिलेलं पत्र हिंदीत मिळेल का, कारण गावात वडिलांना वाचून दाखवायचं होतं. पत्र मी स्वतः लिहिलं. पाठवण्याआधी बाईंना दोनदा वाचून दाखवलं, आणि त्यांनी त्यातला एक शब्द बदलायला लावला.